आवाज कुठून येतो

बाबा गेले आणि धायरीच्या फ्लॅटमधली त्यांची खोली आमोदने गाणी ऐकायला सजवून घेतली. स्पीकर पसंत करायचे म्हणून दुकानातला शौनक एक जोडी घेऊन घरीच आला. जोडणी करून त्याने एका गायिकेचं गाणं लावलं.

"सर, दोघंही डोळे मिटू. बाई कुठे बसून गातायत, ते बोटाने दाखवायचं."

आमोदने समोर बोट केलं.

इतक्यात खिडकीजवळ कुणीतरी खोकलं. तिथेच बाबांची कॉट होती. अंथरुणाला खिळलेले बाबा पाण्यासाठी खोकत राहायचे आणि आमोद निवांत हेडफोन चढवायचा.

आताही त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. बोट समोरच ठेवलं.

खोकला थांबेना, तेव्हा त्याने डोळे उघडले.

शौनकचे डोळे मिटलेलेच होते. त्याचं बोट मात्र खिडकीकडून हळूहळू आमोदच्या खुर्चीकडे सरकत होतं.