समजा, मी मेलो

घानातल्या कुमासी शहरातल्या आमच्या कंपनीचं नेटवर्क बारा वर्षं येबोआ एकटाच सांभाळायचा. नोकरी सोडताना त्यानं सगळं काम हाताखालच्या सेरवाला शिकवलं आणि बजावलं, "आता आठवडाभर समजा, मी मेलो. काहीही बिघडू दे, मला फोन करायचा नाही."

एकही फोन गेला नाही.

सातव्या दिवशी न राहवून तो स्वतःच आला. फाटकावर त्याचा भलामोठा फोटो: 'येबोआ यांना जाऊन आठवडा झाला.' आत ढोल वाजत होते आणि आमच्याकडे माणूस गेल्यावर आठवड्यानं करतात तसे आम्ही सगळे मयताचे काळे-लाल कपडे घालून नाचत होतो.

"अगं बये, जिवंत आहे मी!"

"अहो बॉस," सेरवा घाम पुसत म्हणाली, "सात दिवसांत नेटवर्क एकदाही बंद पडलं नाही. अडलं असतं, तर उठवलंच असतं की तुम्हाला! या, नाचा आता."