मंजुळा आली तेव्हा

लग्नानंतर वसमतला गेलेली बालमैत्रीण मंजुळा नऊ वर्षांनी भेटायला येणार म्हणून मदीनाबीनं सकाळीच शेवया रांधल्या. मंजुळेनं मात्र बसल्याबसल्या पिशवीतून ताकदीच्या पावडरीचा डबा काढला. “तू मेंबर हो. खाली चार बायका जोड. तुहं भलं, त्यायचंबी भलं!” कापूस वेचतानाच्या गप्पा आठवत मदीनाबी ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, “तू जोडलेल्या बायकायचं झालं का भलं?” मंजुळेनं डबा बाजूला ठेवला. “न्हाई गं. डबे तसेच पडून हायत. आता त्या मला पाहून दार लावून घेत्यात. म्हनून तर इतक्या दूर आले.” मदीनाबीनं शेवयांची वाटी पुढं सरकवली. “पुढच्या टायमाला नुसती ये. दोघी बसून बोलू.” डोळे पुसत मंजुळा “व्हय” म्हणाली. त्याला दीड वर्ष झालं. मदीनाबीच्या खेड्यात, गोरेगावात जीप थांबली की ती अजून दारात येते.