नातीची पसंती

माझी डॉक्टर नात मांडीवर लॅपटॉप घेऊन दुखण्यावरच्या फेलोशिपसाठी हॉस्पिटलं पारखत होती, आम्ही पोरींसाठी स्थळं पारखायचो तशी.

“आजी, पुण्यात इंजेक्शनं भरपूर द्यायला मिळतात. कोचीत आधी तासभर पेशंटचं रडगाणं ऐकायला बसवतात. पसंतीच्या यादीत पुणंच पहिलं टाकते.”

“आणि अर्जात काय खरडलंयस?”

“आजीच्या गुडघेदुखीनंच मला ही वाट दाखवली, असं.”

ऊर भरून आला माझा. पण जिभेला कुठलं हाड! “कुठल्या गुडघ्यानं गं?”

तिनं ऐटीत डाव्याकडे बोट केलं. उजवा बारा वर्षं ठणकतोय. डाव्याच्या जिवावर तर मी उभी आहे.

“डॉक्टरीणबाई, कोची पहिलं टाका,” मी म्हटलं. “अन् त्यांना सांगा, ‘मला एक नको, दोन तास ऐकायला बसवा.’”