अजून थोडा कट

सम्राटच्या खुर्चीच्या पाठीवर मागून कुणाचा तरी हात पडला, तेव्हा त्याची मिसळ अजून अर्धीही झाली नव्हती.

रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात असा हात पडायचाच. इथं कुणी नाव लिहून घेत नाही. खाणाऱ्याच्या मागं जाऊन उभं राहायचं, खुर्ची धरायची आणि त्याच्या ताटलीकडं टक लावून बघायचं, की पुढची पाळी आपली. खाणाऱ्याला ठसका लागला तर तो त्याचा प्रश्न.

सम्राटची खुर्ची उचगावच्या गणपतरावांनी धरली होती. समोर प्रियदर्शनी बसली होती, तिची खुर्ची गणपतरावांच्या बायकोनं, सोनूबाईंनी.

सम्राटला तिला लग्नाचं विचारायचं होतं, आणि आजच. दुपारी चारला सांगलीची मंडळी तिला बघायला येणार होती. दोघं शिरोली एमआयडीसीत एकाच कंपनीत कामाला, जाणं-येणं एकाच बसनं, पण आजवर या गड्याच्या तोंडून "खिडकी उघडू काय?" याच्या पलीकडं काही निघालं नव्हतं. काल बसमधून उतरताना मात्र त्यानं जीव मुठीत धरून मिसळ खायला बोलावलं, आणि ती आली. आली की! नवा पिवळा ड्रेस घालून आली. तेव्हापासून त्याच्या छातीत हलगी वाजत होती.

पण इथं बोलणार कसं? मागं दोन माणसं, त्याच टेबलावर शेजारी दोन अनोळखी पैलवान, आणि ताटली रिकामी झाली की उठावं लागणार. खाऊन झाल्यावर बसून राहणारा माणूस कोल्हापूरकर नव्हेच. बसून राहायचा एकच मार्ग होता.

"कट आणा!" सम्राट ओरडला.

कट वाढणारा केरबा बादली घेऊन आला आणि त्यानं लालभडक, तवंग आलेला रस्सा पळीभर ओतला. आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. सम्राटला तिखट सोसत नाही. कोल्हापूरचा असून! घरी तो रश्शात दही कालवून खातो, आणि हे घराबाहेर जाऊ नये म्हणून त्यानं आईला शपथ घातली आहे.

पहिल्या पळीला त्याचे कान तापले.

"तुला कायतरी बोलायचं होतं न्हवं?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"व्हय. म्हंजे... बस लई उशिरा येती आजकाल."

"हे सांगाय बोलवलंस मला?"

सोनूबाई वरून बघत होत्या. बायकांना असल्या गोष्टी लगेच उमगतात. "बोलणाऱ्याची बोरं इकत्यात, बाळा," त्या म्हणाल्या.

"कसली बोरं?" गणपतराव वैतागले. "पावणं, आटपा की. पहाटं नृसिंहवाडीला जाऊन आलोय आमी. पोटात कावळं वरडाय लागल्यात."

"अजून थोडा कट!" सम्राट म्हणाला.

आता नाक वाहायला लागलं. मग डोळे. पुन्हा एकदा कट मागितला तेव्हा केरबासुद्धा थबकला. "पावणं, ब्रेड न्हाय, फरसाण न्हाय, नुसता कट पिताय व्हय?"

प्रियदर्शनीनं पाण्याचा ग्लास त्याच्याकडं सरकवला. थोडा वेळ वाट बघितली. मग पर्स खांद्याला अडकवली. "माझं झालं. चारला ती लोकं येणार, घरात आवरायचं पडलंय सगळं." आणि ती उठली. सोनूबाईंना वाईट वाटलं असेलही, पण हात सवयीचा. त्यांनी खुर्ची ओढलीच.

"बस!" सम्राट इतक्या मोठ्यानं ओरडला की अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं. "बस खाली. लगीन करशील काय माझ्याशी?"

एका पैलवानाचा ब्रेड रश्शातच राहिला. केरबाच्या पळीतला कट फरशीवर ठिबकत होता.

"आयला!" गणपतराव म्हणाले. "ह्येच्यापायी खुर्ची सोडंना व्हय ह्यो!"

"तुमी गप ऱ्हावा वो," सोनूबाईंनी नवऱ्याला दटावलं आणि ओढलेली खुर्ची पुन्हा पुढं सरकवली. "बस, पोरी."

प्रियदर्शनी बसली. तिनं कुणाकडंच बघितलं नाही. पर्समधून मोबाईल काढला आणि घरी फोन लावला.

"आई, सांगलीच्या पावण्यांना येऊ नका म्हणून सांग."

सम्राटला आपण ऐकलं ते खरं वाटेना. पलीकडचा आवाज मात्र एवढा चढला की तो शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू आला. "येऊ नका? का? कोण हाय गं तितं तुझ्यासंगं?"

प्रियदर्शनीनं मोबाईल सम्राटच्या तोंडासमोर धरला. "बोल."

तो बोलणार होता. आनंदानं त्याला नाचावंसं वाटत होतं. पण जीभ पेटली होती, घसा पेटला होता. "नमस्कार, का... काकू..." एवढंच निघालं. मग एक मोठा हुंदका आला, पाठोपाठ नाक ओढल्याचा आवाज, आणि उचकी. गणपतरावांनी खुर्ची सोडली आणि ते त्याची पाठ चोळायला लागले.

प्रियदर्शनीनं मोबाईल पुन्हा कानाला लावला.

"अगं, रडतोय काय त्यो?" आईचा आवाज एकदम खाली आला होता.

प्रियदर्शनीनं समोर बघितलं. लालबुंद तोंड, वाहणारं नाक, आणि पुन्हा काठोकाठ भरलेली ताटली.

"व्हय," ती म्हणाली. "माझ्यापायी."