गार तळहात

परीक्षेच्या आदल्या दुपारी लेकीचे तळहात बर्फासारखे लागले. "आई, आतून भाजतंय गं, पांघरूण नको," ती पुटपुटली. "गप, मोठी शहाणी! हात बघ कसे गार पडलेत," म्हणत मी तिला रजईत गुंडाळलं आणि जपाला बसले. तिनं दोनदा हाक मारली, पण माळ अर्धी सोडायची नाही, हा माझा नेम. मग हाका थांबल्या. वाटलं, डोळा लागला. माळ पूर्ण करूनच उठले. हलवलं, तर ती उठेना; रजईसकटच उचलून नेलं. दवाखान्यात डॉक्टर हळू म्हणाले, "अभ्यासाला जागायच्या गोळ्या घेत होती. त्यांनी मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन उसळतं, त्यात परीक्षेचा ताण. मेंदू तापत जातो, कातडी मात्र गार. उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही; पांघरुणात घामही वाळत नाही. आता मेंदूत काही उरलं नाही, ताई." नर्सनं घडी केलेली रजई हातात दिली. मी उलगडली. आतलं अस्तर घामानं अजून ओलं होतं.