आहेराचा शर्ट

फोटोग्राफर नौशादनं नवा मिडियम फॉरमॅट कॅमेरा घेतल्यापासून वरवंड गावात कुणाची सुटका नव्हती. "पार कापडाचा धागा दिसतो," हे तो पदरचा चहा पाजून ऐकवायचा.

त्या कॅमेऱ्याचं पहिलं लग्न सुरेखाताईच्या मुलीचं. नंतर लॅपटॉप घेऊन तो ताईच्या घरी आला आणि अख्ख्या मांडवाचा फोटो उघडला. घरातले सगळे फोटोतल्या नवरीकडं बघत होते. ताई मात्र गर्दीत शोधत होती, कारण तिचा पाबळचा भाऊ रुसला होता. "तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई, आन् तुझ्या आहेराचं कापड तसंच परत धाडीन," असं तो चारचौघांत बोलला होता.

"ह्यो कोण, टेम्पोच्या आडोशाला? तोंडाला रुमाल बांधलेला?"

"असंल कुणीतरी ड्रायव्हर."

"मोठं करा, नौशादभाऊ. आजून करा."

नौशादला तेवढंच हवं होतं. ठिपक्याचा माणूस झाला, मग त्याच्या शर्टावरची बारीक निळी चौकट दिसली. आहेराचं ते कापड ताईनंच दौंडच्या दुकानात निवडलं होतं. ताई हसायलाच लागली. लग्नसराईत कुठला टेलर लगेच शर्ट देतो? म्हणजे गड्याचं यायचं कधीच ठरलं होतं!

तिनं फोन लावला. "दादा, शर्ट खांद्यात घट्ट झालाय का रे?"

दादा म्हणाला, "व्हय गं. जेवताना तर लईच आवळत होता."