कच्ची नोंद

वीस वर्षं गळ्यात दुर्बीण अडकवून तळ्याकाठी फिरलेल्या सरांना जे कधी दिसलं नाही, ते निसर्ग संस्थेत कालपरवा आलेल्या पोरीला दिसलं: पाणमांजर! शाळेची मुलं आता तिच्याच मागे. सरांच्या पोटात दुखायला लागलं. "भिजलेलं मांजर असेल," ते सगळ्यांदेखत म्हणाले.

दुसऱ्या कुणी पाहिल्याशिवाय संस्थेत नोंद पक्की होत नसे. तिची कच्चीच राहिली, तळं बुजवण्याआधी मागवलेल्या अहवालात गेली नाही, आणि परवानगी मिळाली.

मातीचा पहिला ट्रक रिकामा झाला, तशी ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, तुम्हाला एकदा तरी दिसायला हवं होतं हो!"

सरांनी गळ्यातली दुर्बीण काढून पिशवीत टाकली. तिच्यानंतर त्यांना ते तीनदा दिसलं होतं. एकदा तर पिल्लांसकट.